आजचें मूल कीं उद्यांचीं मुलें?

डोळ्यांपुढील एका जीवाचें हित बाजूस ठेवून न दिसणाऱ्या अनेकांच्या हितामागें लागणें नीतीच्या दृष्टीनें कितपत योग्य आहे, हा प्रश्न फार जुना आहे. राजकारणांत व युद्धांत तो नेहमींच विचारला जातो, आणि तेथें त्याचें उत्तर बहुधा बलवानांच्या सोयीप्रमाणें दिलें जातें. आम्हांस तो आज अशा ठिकाणीं विचारावयाचा आहे कीं, जेथें कोणी बलवान नाहीं, कोणाचा मोठासा स्वार्थ नाहीं, आणि दोन्ही बाजूंस दयाच उभी आहे. भंडारा जिल्ह्यासारख्या जिल्ह्यांत, मेंदूच्या वाढींत अडथळा आलेल्या मुलांची सेवा करणारीं जीं थोडीं शिकलेलीं माणसें आहेत, त्यांनीं या कामाचें धुरीणत्व पत्करावें म्हणून त्यांना उच्च शिक्षणासाठीं दूर पाठवावें कीं पाठवूं नये, हा तो प्रश्न होय. शिक्षण चांगलेंच, तेव्हां यांत विचार तो कसला करावयाचा, असें वाचकांस प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु या शिक्षणाची किंमत कोण देतो हें पाहूं लागलें म्हणजे प्रश्न दिसतो तितका सोपा राहत नाहीं.

हीं मुलें कोण, हें आधीं सांगितलें पाहिजे. मेंदूच्या पक्षाघातामुळें ज्यांचे हातपाय ताठरलेले असतात, स्वमग्नतेमुळें ज्यांना दुसऱ्याशीं नातें जोडणें कठीण जातें, ज्यांची समज वयाच्या मागें राहते, ज्यांना फेंफरें येतें, किंवा जीं बुद्धीनें तल्लख असूनहि अक्षरांशीं झगडत असतात, अशीं हीं मुलें. या सर्वांस आपण पूर्वीं वेडीं, मुकीं, पांगळीं अशा दोन-तीन शब्दांत गुंडाळून टाकीत असूं. १९९५ च्या कायद्यानें अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्यानें ते २१ केले, आणि त्यांत स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता यांना स्वतंत्र स्थान मिळालें. अशीं मुलें थोडकींच असतात असाहि एक समज आहे. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत भारतांतील पांच ठिकाणच्या मुलांची तपासणी केलेली आहे. त्यांत उत्तर गोवा हें एक ठिकाण होतें. दृष्टि व श्रवण यांचे दोष धरून, ६ ते ९ वर्षांच्या मुलांत शेंकडा १३.६ जणांस असा एक तरी दोष आढळला. म्हणजे पस्तीस मुलांमागें चार-पांच. तीं आपल्या वर्गांत दिसत नसतील, तर तीं कोठें आहेत हा प्रश्न शिक्षकानें स्वतःस विचारावयास हवा.

भंडारा हा धानाचा व तलावांचा मुलूख. उत्तरेस तुमसर, दक्षिणेकडे पवनी व लाखांदूर, मधून वाहणारी वैनगंगा, असे सात तालुके, आणि २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें सुमारें बारा लक्ष वस्ती. मोठीं रुग्णालयें व महाविद्यालयें हवीं असल्यास नागपूर गांठावें लागतें. तें भंडारा शहरापासून सुमारें ६० किलोमीटरांवर आहे. पण लाखांदुराकडील खेड्यांतून ताठरलेलें मूल कडेवर घेऊन निघालेली आई तें अंतर बुडालेल्या मजुरीच्या दिवसांत मोजते. सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. २०१३ सालीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम निघाला, व त्याचा आरंभ महाराष्ट्रांतच पालघर येथें झाला. त्या अन्वयें फिरतीं पथकें अंगणवाडींतील मुलांस वर्षांतून दोनदां व शाळेंतील मुलांस एकदां तपासतात. दोष आढळल्यास मुलास जिल्ह्याच्या केंद्राकडे धाडावें अशी योजना आहे. अशा केंद्रांत बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, समाजसेवक इतकी मंडळी असावी असें कागदावर ठरलेलें आहे, आणि कागद चांगला आहे.

साऱ्या देशानें भंडाऱ्याचें नांव ऐकलें तें ९ जानेवारी २०२१ रोजीं. त्या दिवशीं उजाडण्यापूर्वीं जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशूंच्या कक्षास आग लागून दहा अर्भकें दगावलीं. सात वांचविण्यांत आलीं. त्या रात्रीच्या दोषाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु अशा कक्षांत ठेवावीं लागणारीं अर्भकें बहुधा अपुऱ्या दिवसांचीं, कमी वजनाचीं किंवा जन्मतांना गुदमरलेलीं असतात, आणि अशा कक्षांतून सुखरूप घरीं गेलेल्या मुलांपैकींहि कांहींच्या मेंदूच्या वाढीवर पुढें कित्येक वर्षें नजर ठेवावी लागते, ही गोष्ट सर्व डॉक्टरांस ठाऊक आहे. अर्भकाच्या मृत्यूनें देश हळहळला, आणि तें योग्यच झालें. वांचलेल्या मुलाचीं वर्षें मात्र वायां जातात तेव्हां कसलाहि आवाज होत नाहीं, कोणी वार्ताहर येत नाहीं, चौकशीची समिति बसत नाहीं. तीं वायां जाऊं नयेत म्हणून सतत जागें राहणें हें कोणा एकाचें काम आहे काय, हें पाहूं गेल्यास उत्तर सांपडत नाहीं.

योजनेंत माणसें अनेक आहेत. मूल मात्र एकच असतें. फिजिओथेरपिस्ट त्याचे पाय पाहतो, वाचा-उपचारतज्ज्ञ जीभ व कान पाहते, मानसशास्त्रज्ञ बुद्धीचा अंक काढतो, शिक्षक अक्षरें पाहतो, कारकून प्रमाणपत्र पाहतो. प्रत्येकाचें आपापल्या परीनें बरोबरच असतें. पण मूल दोन महिने आलेंच नाहीं, तर तें कां आलें नाहीं हें पाहणें कोणाच्याच वांट्यास आलेलें नसतें. एकाचा सल्ला दुसऱ्याच्या सल्ल्यास छेद देतो, तेव्हां दोहोंतून निवड करण्याचें काम त्या सर्वांत कमी शिकलेल्या आईवर पडतें. बारभाईची शेती म्हणतात ती हीच. या निरनिराळ्या हातांतून मुलास पुन्हां एक करून पाहणारा, आणि जें घडलें व जें घडलें नाहीं त्याचें उत्तर देणारा जो कोणी, त्याला आम्ही या कामांतील नेता म्हणतों. नेता म्हटलें कीं हार, व्यासपीठ व घोषणा डोळ्यांपुढें येतात. तो अर्थ वाचकांनीं येथें अगदीं सोडून द्यावा. नेणें या आमच्या रोजच्या क्रियापदांत दुसऱ्यास सोबत घेऊन जाण्याचा जो साधा अर्थ आहे, तेवढाच येथें अभिप्रेत आहे.

असें धुरीणत्व शिकवितां येतें काय? अमेरिकेंत तें शिकविण्याची रीत अर्धशतकाहून जुनी आहे. अध्यक्ष केनेडी यांची एक सख्खी बहीण बौद्धिक अक्षमता असलेली होती. त्यांनीं १९६३ सालीं या विषयावरील एका कायद्यावर सही केली, व त्यायोगें विद्यापीठांशीं जोडलेलीं केंद्रें उभीं राहिलीं. आज तेथें सुमारें साठ अभ्यासक्रम चालतात. वैद्यक, शुश्रूषा, मानसशास्त्र, समाजसेवा, वाचा-उपचार अशा निरनिराळ्या शाखांचे पदव्युत्तर विद्यार्थी त्यांत एकत्र बसून एकाच मुलाचा विचार करावयास शिकतात. दीर्घ मुदतीच्या विद्यार्थ्यास निदान तीनशें तास द्यावे लागतात. त्यांतील आम्हांस सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही कीं, अशा मुलांचे आईबाप आणि स्वतः अशा अक्षमतेसह वाढलेलीं माणसें तेथें शिकणारांत असतात व शिकविणारांतहि असतात. कुटुंब ही तेथें ज्ञानाची एक स्वतंत्र शाखाच मानलेली आहे.

आमच्याकडे तर हें सारें कार्य कुटुंबांतूनच जन्मास आलें. १९४४ सालीं मुंबईंत वकील या पारशी दांपत्यानें आपल्या मुलीच्या निमित्तानें एक शाळा काढली. ती आज जय वकील या नांवानें चालते. १९७२ सालीं मिथू अलूर यांनीं मुंबईंतच स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली, तीहि मेंदूचा पक्षाघात झालेल्या आपल्या मुलीपायींच. पुढें १९८४ सालीं सिकंदराबादेस बौद्धिक अक्षमतेसाठीं राष्ट्रीय संस्था निघाली. १९९२ सालीं भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा होऊन या क्षेत्रांत काम करणारांची पात्रता व नोंदणी ठरली. २००१ सालीं मुंबईंत निघालेल्या उम्मीद या बालविकास केंद्रानें मुलांवरील उपचारांबरोबर इतरांना शिकविण्याचेंहि काम अंगावर घेतलें. हें सर्व स्तुत्य आहे. परंतु नोंदवहींत पात्रता लिहितां येते, जबाबदारी लिहितां येत नाहीं. आणि उच्च शिक्षणाच्या या सोयी बहुतांशीं मोठ्या शहरांतच आहेत. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? तेव्हां भंडाऱ्यानें आपलें माणूस शहराच्या आडावर धाडावें, हें ओघानेंच येतें.

आमचा प्रश्न येथें उभा राहतो. समजा, एका जिल्ह्यांत वाचा-उपचारतज्ज्ञ एकच आहे, आणि तिच्याकडे वीस मुलें नियमानें येतात. त्यांत एक तीन वर्षांचें आहे. ओंठ मिटून ‘मा’ म्हणावयास तें नुकतेंच शिकलें आहे. ही बाई दोन वर्षांकरितां मुंबईस गेली आणि तिच्या जागीं कोणी आलें नाहीं, तर ती परतेल तेव्हां मूल पांच वर्षांचें झालेलें असेल. भाषा रुजण्यास पहिलीं वर्षें जितकीं अनुकूल असतात तितकीं नंतरचीं नसतात. पक्षाघात झालेल्या मुलाचे स्नायूहि व्यायामावांचून आखडत जातात, व पुढें सहजासहजीं सैल होत नाहींत. एखाद्या हंगामांत धानाची रोवणी चुकली तर शेतकरी कर्ज काढून पुढल्या हंगामाची वाट पाहतो. मुलाच्या तिसऱ्या वर्षाला पुढला हंगाम नाहीं.

हिशेबी मनुष्य म्हणेल कीं, तरीहि तिनें जावें. ती परत येईल तेव्हां अंगणवाडी-सेविकांस मुलांतील दोष लवकर ओळखावयास शिकवील, पांगलेल्या सहकाऱ्यांना एकत्र बसवील, अधिकाऱ्यांपुढें मुलांची बाजू मांडील. वीसांचें नुकसान होईल, पण शेंकडोंचा लाभ होईल. हा हिशेब निर्दय आहे असें म्हणून तो झटकून टाकणें सोपें आहे. पण तो खोटा नाहीं. अज्ञानहि निर्दयच असतें. ज्याला ऐकूं येत नाहीं त्या मुलास मंदबुद्धीचें ठरवून वर्षानुवर्षें भलतेंच शिकवीत राहणारा शिक्षक मनानें कितीहि प्रेमळ असला, तरी त्या मुलाच्या लेखीं त्याच्या प्रेमाचा उपयोग काय? वर उल्लेखिलेल्या अलूर यांच्या कन्या मालिनी चिब यांच्याविषयीं लहानपणीं येथील डॉक्टरांनीं आशा सोडली होती. इंग्लंडांत तपासणी झाली, तेव्हां त्यांची बुद्धि शाबूत असल्याचें ठरलें. त्यांनीं पुढें लंडनमध्यें दोन पदव्युत्तर पदव्या मिळविल्या, आणि एका बोटानें अक्षर-अक्षर टंकून आपलें आत्मचरित्र लिहिलें. आईचें प्रेम दोन्ही देशांत तेंच होतें. मधला फरक जाणकारीचा होता. म्हणून ‘सेवाभाव असला म्हणजे पुरे, पदव्या कशाला हव्यात’ हें जें पुष्कळदां ऐकूं येतें, त्याशीं आम्ही सहमत नाहीं.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, मूल हें कोणाच्याहि, अगदीं दुसऱ्या शंभर मुलांच्याहि, कल्याणाचें साधन नव्हे. दारीं आलेल्यास विन्मुख धाडूं नये हा आमच्या घरोघरींचा धर्म आहे, आणि तो धर्म पाहुण्यांची संख्या मोजीत बसत नाहीं. हें म्हणणें आम्हांस मनापासून पटतें. परंतु याच तत्त्वाचें पांघरूण करून आहे तें तसेंच चालूं देणारे लोकहि आम्हीं पाहिलेले आहेत. दारीं आलेल्या वीसांची काळजी वाहतों, एवढ्यावर समाधान मानणारास दारापर्यंत पोंचूंच न शकलेल्या मुलांचा सहज विसर पडतो. सिहोऱ्याकडील किंवा पवनीकडील खेड्यांत जें मूल आजवर कोणाच्या नजरेसच आलें नाहीं, तेंहि आजचेंच मूल आहे. तें कोणी ‘उद्यांचें’ नव्हे.

आमच्या मतें दोन्ही पक्षांना एका गोष्टीचा विसर पडतो. त्याग करणें निराळें आणि दुसऱ्याकडून त्याग करविणें निराळें. बाई शिकावयास गेली तर तिचे कष्ट होतात हें खरें. पण जीं दोन वर्षें जातात तीं मुख्यतः तिचीं नसून त्या मुलाचीं असतात. स्वतःचें आज उद्यांसाठीं गहाण टाकण्याचा अधिकार ज्याचा त्यास आहे. दुसऱ्याचें आज जो गहाण टाकतो, त्यानें निदान त्याला विचारलें पाहिजे, त्याची होईल तितकी भरपाई केली पाहिजे, आणि झालेल्या खर्चाचा जाब दिला पाहिजे. मूल बोलूं शकत नसेल. त्याची आई बोलूं शकते. पण रजेचा अर्ज, शिफारसपत्र, मंजुरी, यांपैकीं कोणत्याहि कागदावर त्या वीस आयांचें मत विचारलेलें आम्हीं तरी ऐकलें नाहीं. प्रश्नाची गांठ आम्हांस येथेंच दिसते. जाणें अनीतीचें नाहीं, राहणेंहि अनीतीचें नाहीं. न विचारतां आणि मागें कांहींएक व्यवस्था न करतां जाणें, हें अनीतीचें आहे. आणि शिकून काय करावयाचें हेंच माहीत नसल्यामुळें राहणें, हेंहि थोड्याफार फरकानें तसेंच आहे.

हें मान्य केलें म्हणजे धुरीणत्वाचें शिक्षण कसें असावें हेंहि पुष्कळ अंशीं ठरून जातें. ज्या शिक्षणाचा आरंभच वीस मुलांस मुकाट्यानें सोडून जाण्यानें होतो, तें पहिल्याच दिवशीं उलटा धडा देतें. म्हणून जाणारीनें आधीं वीस नांवांची यादी करावी. प्रत्येक नांवापुढें मुलाला आज काय येतें, सहा महिन्यांत काय यावें, आणि तें कोणाच्या हातीं सोंपविलें, हें लिहावें. आईला घरीं काय करतां येईल तें करवून दाखवावें, सेविकेला समजावून द्यावें. आमच्या दृष्टीनें ही यादी हाच त्या अभ्यासक्रमाचा पहिला निबंध. वरिष्ठांनींहि बदलीचें माणूस आधीं नेमावें व रजा मागाहून द्यावी. दोन वर्षें सलग बाहेर राहण्याची गरज आतां पूर्वींइतकी उरलेली नाहीं. कांहीं आठवडे शहरांत राहून शिकावें, मग जिल्ह्यांत परतून त्याच वीस मुलांत तें वापरून पाहावें, अडल्यास दूरच्या गुरूंस पडद्यावर मूल दाखवून विचारावें, हें आज शक्य आहे. पदवीचे नियम आड येत असतील तर ते बदलून घेण्यासाठीं झगडणें हेंहि नेतृत्वाचेंच शिक्षण होय.

जिल्ह्यांत राहून शिकण्याचा आणखी एक लाभ आहे, तो शहरांतील ग्रंथालयांत मिळणार नाहीं. आषाढ-श्रावणांत रोवणी चालूं झाली कीं केंद्रावर येणाऱ्या मुलांची संख्या घटते. वहींत त्यांच्या नांवापुढें ‘गैरहजर’ असें लिहिलें जातें, आणि वर्षअखेर ‘पालकांत आस्था नाहीं’ असा निष्कर्ष निघतो. खरें पाहतां त्या दिवसांत आई गुडघाभर चिखलांत वांकून उभी असते, कारण वर्षाच्या मजुरीचा मोठा भाग याच दिवसांत हातीं येतो. केंद्र तिच्या दारीं येत नसेल, तर गैरहजर कोणास म्हणावयाचें? हा प्रश्न ज्याला सुचला, तो उपचारकाचा धुरीण होऊं लागला असें समजावें. पूर्व विदर्भांतील जुने मालगुजारी तलाव आमच्या वाचकांस ठाऊक असतील. तलाव किती मोठा आहे यावरून पाणी वांटणाऱ्याची पारख कोणी करीत नाहीं. पाटाच्या शेवटच्या बांधीस पाणी पोंचलें किंवा नाहीं, हें पाहतात. पाळीजवळच्या बांधीला पाणी मिळतें त्यांत त्याचें कर्तृत्व कांहीं नसतें. जिल्ह्याच्या ठिकाणीं राहणाऱ्या, वेळेवर येणाऱ्या, जाणत्या आईबापांच्या मुलांस उपचार मिळतात त्यांतहि नेत्याचें कर्तृत्व थोडेंच.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, शिकून आलेलें माणूस भंडाऱ्यास राहणार नाहीं. नागपुरास किंवा मुंबईस निघून जाईल. हा धोका खराच आहे, आणि त्याचा सारा दोष जाणारावर टाकणें आम्हांस पसंत नाहीं. या कार्यक्रमांतील नेमणुका बहुधा कंत्राटी राहिलेल्या आहेत. पुढल्या वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं हें ज्याला ठाऊक नाहीं, त्यानें पांच वर्षांच्या मुलाच्या पंधराव्या वर्षाची चिंता वाहावी, अशी अपेक्षा करणें हास्यास्पद आहे. ज्या समाजाला धुरीण हवे आहेत, त्यानें त्यांच्या पोटाची व प्रतिष्ठेची हमी आधीं घेतली पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. एक नेता तयार केल्यानें जिल्हा त्या एकावरच विसंबून राहील, आणि तो गेला कीं पुन्हां अंधार, असें कोणी म्हणेल. त्याला आमचें उत्तर असें कीं, ज्याच्या जाण्यानें सर्व थांबतें त्याचें शिक्षण अपुरें राहिलें. जुन्या मराठींत लहान मुलास नेणतें म्हणत, व मोठ्यास जाणता. या कार्यांतील जाणत्याचें काम आपली जाण आपल्यापाशीं साठवून ठेवणें हें नव्हे. ती सेविकेंत, शिक्षकांत, आणि सर्वांआधीं आईंत उतरविणें हें होय. मुंबईंतील ज्या दोन संस्थांचा उल्लेख वर केला, त्या आईबापांनींच काढलेल्या आहेत. मोहाडीच्या किंवा साकोलीच्या एखाद्या आईला ती योग्यता कां येऊं नये, याचें कारण आम्हांस तरी सांपडत नाहीं. तिला इंग्रजी येत नाहीं, हें कारण नव्हे.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नास आमचें उत्तर असें आहे: बाईनें शिकावयास जावें; पण आपल्या वीस मुलांची यादी बरोबर घेऊन जावें, त्यांच्या आयांस विचारून जावें, आणि परत आल्यावर पहिला अहवाल वरिष्ठांस देण्यापूर्वीं त्या वीस घरीं द्यावा. त्यांपैकीं एखादी आई म्हणेल, ‘बाई, तुम्ही गेलांत तेव्हां माझें लेंकरूं बोलूं लागलें होतें, आतां बोलत नाहीं.’ तें ऐकून घेण्याचें धैर्य त्या शिक्षणानें दिलेलें असलें पाहिजे, व दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या मुलापासूनच कामास पुन्हां आरंभ करण्याची अक्कलहि. ही तयारी जो अभ्यासक्रम करून देईल त्यास आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे. जो ती करून देणार नाहीं, त्याची पदवी कितीहि मोठी असली तरी ती भंडाऱ्याच्या कामाची नाहीं.